कुपवाडातली दिवाळी, १,३५० रुपयांची

वहिनींची वही पुढून मुलाच्या गणिताची आहे आणि मागून घरच्या हिशेबाची. आम्ही कुपवाडात एकाच गल्लीत राहतो. त्यांचे यजमान एमआयडीसीतल्या फौंड्रीत ठेक्यावर कामाला आहेत, त्या घरी ब्लाऊज शिवतात आणि पिको-फॉल करतात. मी सांगलीत अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. 'उपभोक्त्याचा समतोल' हा भाग मी कित्येक वर्षं फळ्यावर सफरचंदं आणि संत्री मांडून शिकवला. २०२४च्या दिवाळीत वहिनींनी ती मागची पानं मला वाचू दिली, तेव्हा हा भाग आपल्या गल्लीतूनच शिकवायला हवा होता असं मनापासून वाटलं. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव त्यांनी नको म्हटलं, म्हणून लिहीत नाही.

घरात माणसं चार. यजमानांचे हातात येणारे १४,००० आणि शिवणाचे सरासरी ३,५००, म्हणजे महिन्याला १७,५००. दोन खोल्या स्वतःच्या आहेत, त्यामुळे भाडं नाही. खाण्यापिण्यावर ७,६०० जातात, शंभरातले ४३ रुपये. देशाच्या २०२३-२४च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत शहरी घरांचा अन्नावरचा वाटा ३९.६८ टक्के आणि ग्रामीण घरांचा ४७.०४ टक्के आहे. कुपवाड कागदोपत्री महापालिकेत येतं, पण वहिनींचं घर या दोन आकड्यांच्या मधोमध बसतं. कुपवाड ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही.

दिवाळीच्या फराळासाठी त्या गौरी-गणपतीपासून वेगळा डबा करतात. त्या वर्षी त्यात १,३५० रुपये जमणार होते. ऑगस्टमध्ये वहीत बेत लिहिला होता: दोन किलो भाजणीची चकली, एक किलो बेसनाची शेव, एक किलो मैद्याची शंकरपाळी, एक किलो चुरमुऱ्याचं भडंग, एक किलो रव्याचे लाडू आणि अर्धा किलो करंज्या. प्रत्येकापुढे सामान वेगळं आणि तेल वेगळं लिहिलेलं. तेव्हा गणपती पेठेत सोयाबीन तेलाची पिशवी रोखीने ११० रुपयांना होती. पिशवीत एक लिटर, म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम तेल असतं; किलोला १२१ पडले. बेताची बेरीज १,३४५. पाच रुपये शिल्लक.

मग सप्टेंबर आला. १४ सप्टेंबर २०२४पासून केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर एकूण भार ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेला, रिफाइंडवर १३.७५वरून ३५.७५वर. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे बंदरातली वाढ किराणा दुकानात पोचायला फार दिवस लागले नाहीत. शुल्क वाढवण्यामागे सोयाबीनला भाव मिळावा हा हेतू होता. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. वहिनींचा भाऊ वाळवा तालुक्यात सोयाबीन करतो, त्याचा माल त्या वर्षी हमीभावाच्या खालीच गेला. बहिणीला तेल महाग आणि भावाच्या सोयाबीनला भाव नाही, असे दोन्ही हिशेब एकाच माहेर-सासरात मी ऐकले.

पिशवी १३५वर गेली, किलोला १४८. किलोमागे २७ रुपयांची वाढ. फराळाच्या बेतात एकूण तेल होतं २ किलो ७०० ग्रॅम, म्हणून वाढ ७३ रुपये आणि नवी बेरीज १,४१८. तेल बावीस टक्क्यांनी चढलं तरी फराळ साडेपाच टक्क्यांनीच महागला, कारण फराळात तेलाबरोबर डाळ, मैदा, साखर, तूपही असतं. वर्गात मुलं इथे नेहमी चुकतात. एका वस्तूचा भाव वाढला की सगळं घर तेवढंच महागलं असं त्यांना वाटतं. पण वहिनींना टक्के नको होते, त्यांना ६८ रुपये कुठून कापायचे ते हवं होतं.

माझा सल्ला लगेच तयार होता. चकली सगळ्यात जास्त तेल पिते, किलोला ६०० ग्रॅम, आणि तिचाच भाव सगळ्यात जास्त वाढला: १६८ची १८४ झाली. जी वस्तू इतरांच्या तुलनेत महागते तिची खरेदी कमी होते आणि तिच्या जागी दुसरी येते, हा प्रतिस्थापन परिणाम मी दरवर्षी शिकवते. म्हणून मी म्हटलं, चकली एक किलो करा. नाहीतर करंज्याच नका करू, तशाही त्या घरात फारशा कोणी खात नाही. किंवा भडंग निम्मं करा, एरवीही बारा महिने भडंग खातोच की आपण.

वहिनींनी तिन्ही सल्ले ऐकून घेतले आणि एकही घेतला नाही. "करंजी न्हाई असं कसं चालंल, मॅडम? लक्ष्मीपुढं पाच तरी लागत्यात. आन् भडंग घरात खायला न्हाई वो, ताटं भराया लागतंय."

ताटं हा शब्द माझ्या हिशेबात कुठेच नव्हता. त्या चौदा घरी फराळाची ताटं पाठवतात आणि चौदा घरांकडून ताटं येतात. चुरमुऱ्याचं एक किलो म्हणजे केवढा ढीग होतो ते सांगलीकरांना सांगायला नको. चौदा ताटं दिसायला भरलेली असतात ती त्याच्यामुळे. मी उपयोगिता, म्हणजे वस्तूतून मिळणारं समाधान, खाणाऱ्याच्या तोंडापाशी मोजत होते. त्या ती उंबऱ्यापाशी मोजत होत्या.

त्यानंतर मी सल्ला देणं थांबवलं आणि विचारायला लागले. पाठ्यपुस्तकातला तक्ता काढला: वस्तूचा पहिला नग, दुसरा नग, तिसरा नग, प्रत्येकाला दहापैकी मार्क द्या. वहिनी हसल्या, पण दिले.

चकलीच्या पहिल्या किलोला १०, दुसऱ्याला ८, आणि तिसरा केलाच तर ३. पहिला किलो दिवाळीच्या चार दिवसांचा आणि ताटांचा. दुसरा भाऊबीजेला येणाऱ्या भावाला बांधून द्यायचा आणि मुलांच्या शाळेच्या डब्याचा. तिसरा मऊ पडून जाईल. करंजीच्या पहिल्या पाव किलोला ९, दुसऱ्या पाव किलोला ३. भडंग १०, शेव ८, शंकरपाळी ६, लाडू ९.

घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत तो हाच. वस्तूचा प्रत्येक पुढचा नग आधीच्यापेक्षा कमी समाधान देतो. पण नुसत्या मार्कांवरून निर्णय होत नाही, मार्क आणि किंमत एकत्र पाहावे लागतात. मी वहीच्या कडेला शंभर रुपयांमागे किती मार्क पडतात ते काढलं. करंजीचा पहिला पाव किलो १०७ रुपयांत ९ मार्क, म्हणजे शंभरी ८.४. चकलीचा पहिला किलो ५.४, दुसरा ४.३. भडंग ४.१, शेव ४.१, शंकरपाळी ४.०, लाडू ३.६. खाली राहिलेले दोनच: करंजीचा दुसरा पाव किलो २.८ आणि कधीच न करायचा तो चकलीचा तिसरा किलो १.६.

हा तक्ता मी बराच वेळ पाहत बसले. प्रत्येक पदार्थावरचा शेवटचा रुपया जवळपास सारखंच समाधान देतो, तेव्हा उपभोक्ता समतोलात असतो, हे वाक्य मी किती वेळा लिहून दिलंय. इथे एका बाईने कुठलंही सूत्र न शिकता आपला बेत चारच्या आसपास आणून ठेवला होता, आणि जो एक तुकडा त्या रेषेखाली होता तोच कापायला ती निघाली होती. करंज्या अर्ध्या किलोवरून पाव किलोवर. १०७ रुपये सुटले. सगळ्यात जास्त भाव वाढलेल्या चकलीला हातही लागला नाही. तेल महागलं म्हणून तेलकटच कापायचं, असा काही नियम नाही. भाव वाढल्याने हातातला पैसा तोकडा पडला, आणि तोकडेपणा भरून निघाला तो जिथे कमी दुखतं तिथून.

हर्मान हाइनरिश गॉसेन या जर्मन लेखकाने हा विचार १८५४ साली पुस्तकात मांडला होता. पुस्तक खपलं नाही. त्याने उरलेल्या प्रती परत मागवल्या आणि १८५८ मध्ये तो वारला. पुढे १८७१ मध्ये इंग्लंडात जेव्हन्स आणि व्हिएन्नात मेंगर, १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला वालरा, असे तिघं आपापल्या वाटेने तिथेच पोचले. गॉसेनला ही वही दाखवता आली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

मार्कांबद्दल वहिनींची तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली. "ह्ये आठ कुठनं आलं, मलाच ठावं न्हाई. मला एवढंच कळतंय, करंज्या निम्म्या केल्या तर चालतंय, चकली निम्मी केली तर चालत न्हाई." हिक्स आणि ॲलन या अर्थतज्ज्ञांनी १९३४ मध्ये याच मुद्द्यावर सिद्धांत फिरवला. समाधान किती ते मोजायची गरज नाही, यापेक्षा ते बरं एवढं सांगता आलं की पुरे. समवृत्ती वक्र, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्या जोडणाऱ्या रेषा, त्यावरच उभे आहेत. माझे शंभरी मार्क म्हणूनच दशांशापर्यंत खरे धरू नयेत. त्यातला क्रम तेवढा खरा.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक आणि वही हातात हात घालून चालले. पुढे पुस्तक कमी पडलं, आणि मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचंच आहे.

हातातल्या पैशात कुठली वस्तू किती घेता येते ते दाखवणारी अंदाजपत्रक रेषा पुस्तकात सरळ असते. उत्पन्न ठरलेलं, प्रत्येक वस्तूचा भाव एक, दोन टोकं जोडली की रेषा तयार. कुपवाडात त्या ऑक्टोबरला त्याच तेलाचे तीन भाव होते. गल्लीतल्या दुकानात उधारीवर पिशवी १४२ला, म्हणजे किलोला १५६. गणपती पेठेत रोखीने १३५ला, किलोला १४८. आणि तिथेच १५ किलोचा पत्र्याचा डबा १,९५० रुपयांना. वडाप रिक्षावाल्याने डब्यासकट आणायचे ६० घेतले तरी २,०१०, किलोला १३४.

उधारी आणि डबा यांच्यात किलोमागे २२ रुपयांचं अंतर. शुल्कवाढीच्या महिन्यात भाव वाढला तो किलोमागे २७. म्हणजे ज्या भाववाढीची बातमी झाली तिच्या जवळजवळ एवढीच रक्कम, पैसे हातात कुठल्या दिवशी येतात या एका गोष्टीवर ठरत होती. त्याची बातमी कधीच होत नाही. वर्षाला २,१०,००० कमावणाऱ्या घराला २,००० रुपयांचा डबा परवडत नाही असं नाही. पण पगार दहा तारखेला होतो, पंधरापर्यंत किराण्याची मागची उधारी, बचत गटाचा हप्ता आणि विजेचं बिल यांत तो विरतो, आणि बोनस कधी होईल ते ठेकेदाराच्या तोंडून कळेल तेव्हा. उत्पन्न पुरेसं असूनही त्या दिवशी खिशात रोकड नसते, म्हणून तीच वस्तू महाग पडते. रेषा सरळ राहत नाही. कमी पैशाच्या टोकाला ती मोडते, आणि मोडते ती गरिबाच्या बाजूला.

वहिनींनी यावर काढलेला तोडगा त्यांच्या आईच्या काळापासूनचा आहे. चार घरांनी मिळून डबा आणायचा. त्या, शेजारची बेदाणा निवडायला जाणारी एकजण, समोरच्या आजी आणि मी. वाट्याला पावणेचार किलो तेल आणि ५०२ रुपये ५० पैसे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, डबा आला.

मला पाचशे काढून देताना विचार करावा लागला नाही. वहिनींना लागला. फराळाच्या डब्यात तेव्हा अजून सगळे पैसे जमले नव्हते. त्यांच्याकडे आणखी एक डबा होता, सरकारच्या लाडकी बहीण योजनेतून येणाऱ्या पैशांचा. महिन्याला १,५०० प्रमाणे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे दोन्ही हप्ते दिवाळीआधी एकत्र आले होते, तीन हजार रुपये. ते त्यांनी पोरीच्या दहावीनंतरच्या प्रवेशासाठी म्हणून वेगळे ठेवले होते आणि फराळाला त्यातला रुपया लावायचा नाही असं ठरवलं होतं. पैशाला असं नाव देऊन वेगळं ठेवण्याला रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञांनी मनातले हिशेब म्हटलं. २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा मोठा होता. पुस्तकी भाषेत ही उपभोक्त्याची चूक ठरते, कारण रुपया सगळा सारखाच.

मी ती चूक मानत नाही. वहिनींनी पोरीच्या डब्यातून साडेसातशे रुपये घेतले, आपला वाटा आणि बेदाणेवालीचे कमी पडलेले अडीचशे धरून, आणि वहीत लिहिलं: "पोरीकडनं उसने ७५०, बोनसला परत." आपल्याच डब्याकडून उसनं. नाव दिलं होतं म्हणून पैसा टिकला, टिकला म्हणून त्या दिवशी रोकड हाताशी होती, आणि उसना म्हणून लिहिला म्हणून तो परत गेला. नाव नसतं तर तीन हजार पहिल्या आठवड्यातच उधारीत गेले असते, हे त्यांनी स्वतः सांगितलं.

डब्याच्या भावाने हिशेब पुन्हा मांडला. कोरडं सामान, करंज्या निम्म्या धरून, ९३४. तेल २ किलो ५५० ग्रॅम, ३४२ रुपये. एकूण १,२७६. वाट्यातलं १ किलो २०० ग्रॅम तेल रोजच्या फोडणीला उरलं. फराळाच्या डब्यात ७४ रुपये शिल्लक.

मला वाटलं, आता त्या ७४ रुपयांचं पाव किलो भडंग वाढवता येईल. समतोलातला उपभोक्ता सगळं अंदाजपत्रक खर्च करतो, रेषेच्या आत राहत नाही. वहिनी म्हणाल्या, राहू दे. चार दिवसांनी कळलं की आम्ही दोघींनीही गिरणीचं दळण धरलंच नव्हतं. भाजणी आणि बेसनाचे मिळून ३० रुपये गेले. सोऱ्याची चकलीची चकती तुटली, ती ४० रुपयांना. चार रुपये उरले. हातात राहिलेल्या पैशाचीही उपयोगिता असते. मी ती शून्य धरली होती.

वेळेचाही हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला, कारण दिवाळीआधीचे पंधरा दिवस शिवणाचा हंगाम असतो. चकली तळायला दिवस गेला तर तीन ब्लाऊज राहतात, सुटे जाऊन ३६० रुपये. दोन किलो भाजणीची चकली सव्वादोन किलो भरते. बचत गटाकडून तयार घेतली तर किलोला ३६० प्रमाणे ८१०. घरी केली तर बुडालेल्या शिवणासकट सव्वासातशेच्या आसपास. फरक आहे पण मोठा नाही, आणि एखाद्या वर्षी तो उलटाही होईल. त्या वर्षी चौघींनी माझ्या घरी रात्री नऊनंतर मिळून तळण काढलं. रात्री डोळ्यांना शिवण होत नाही, त्यामुळे एकही ब्लाऊज राहिला नाही. आजी भाजणी मळत होत्या आणि मी सोऱ्या दाबत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात खडू धरताना खांदा दुखत होता.

बोनस २५ तारखेला व्हायचा तो ३०ला झाला, धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी. त्या रात्री वहीत "पोरीला परत ५००" आणि भाऊबीजेला "पोरीला २५०, मिटलं" अशा दोन ओळी आहेत. ताटं चौदाच्या चौदा गेली. लक्ष्मीपुढे पाच करंज्या होत्या, आणि उरलेल्या, पहिल्यांदाच, दिवाळी संपायच्या आत संपल्या.

एक गोष्ट राहिली होती. १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा. तो चौघींत वाटता येत नाही. भंगारवाला ३० रुपये द्यायला तयार होता, म्हणजे वाट्याला साडेसात. आजींना त्यात तुळस लावायची होती, बेदाणेवालीला गहू ठेवायचे होते, वहिनींना तो कापडाच्या चिंध्यांना हवा होता. मला काहीच नको होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी माझी निघाली. मी तो गव्हासाठी दिला. संध्याकाळी दार वाजलं तर पायरीवर वर्तमानपत्रात बांधलेले अर्धा किलो बेदाणे ठेवलेले होते, हिरवे, लांबट, निवडलेले.